मागं धरणारी

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘ध्वनिमुद्रण केंद्र’ असं लिहिलं होतं. रंगाऱ्याने ‘मुद्रण’ तेवढं मोठ्या अक्षरात काढलं, त्यामुळे पहिलं वर्षभर लोक माझ्याकडे लग्नपत्रिका छापायला येत होते. मी त्यांना खालच्या चौकातल्या छापखान्यात पाठवत असे. छापखानेवाल्याने मात्र माझ्याकडे कधी कुणी गाणारा पाठवला नाही.

जागा मोहोपाड्याच्या नाक्यावर, पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर. दोन खोल्या. एकीत गाणारे, दुसरीत मी, मधे काच. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि बायकोच्या माहेरच्या जुन्या गोधड्या. गिरणी चालू असली की तिची घरघर फरशीतून वर चढे, म्हणून खरं काम सोमवारी. सोमवारी गिरणी बंद. रसायनीतल्या कारखान्यांच्या भोंग्यांना मात्र सोमवार-बिमवार काही नसे. पाळी बदलायच्या वेळा मी काचेवर खडूने लिहून ठेवल्या होत्या. तरीही एका भजनी मंडळाच्या गजरात दुपारच्या पाळीचा भोंगा शिरला, तोही अगदी सुरात. मंडळाला तो शंखनाद वाटला. मी खुलासा केला नाही.

त्याआधी मी अशाच एका कारखान्यात होतो. दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं दुरुस्त करायचं खातं. कारखाना बंद झाला तेव्हा हातात सोल्डरिंगची कला होती आणि वसाहतीच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचून झाली होती. या दोन्ही गोष्टींवर पोट भरेल असा धंदा मला एकच सुचला.

धंदा म्हणजे काय, तर गाणी कमी आणि बाकीचं जास्त. परिसरात फिरणाऱ्या भंगारवाल्यांच्या टेंपोवर जो आवाज वाजतो, ‘लोखंड, पत्रा, जुन्या बॅटऱ्या’ म्हणत, तो माझ्याकडे मुद्रित झाला आहे. तो बोलणारा भंगारवाला कधीच गावी निघून गेला, आवाज अजून फिरतो आहे. निवडणुकीच्या रिक्षा मी भरल्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी स्वतःच्या सत्काराला उत्तर देणारं भाषण आधीच मुद्रित करून घेतलं. ‘टाळ्यांसाठी जागा सोडा,’ म्हणाले. मी सोडली. सभेत तेवढ्या जागा शांतच राहिल्या असं नंतर कळलं.

या कामात एक गोष्ट पक्की समजली. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास म्हणतो, ‘हा मी नाही.’ माणूस स्वतःला ऐकतो तो कवटीच्या आतून, हाडांमधून. यंत्र ऐकतं बाहेरून, जसं जग ऐकतं तसं. त्यामुळे आपला आवाज कसा आहे हे ज्याचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असतं. हे मी गिऱ्हाइकांना मोठ्या ज्ञानी चेहऱ्याने समजावून सांगत असे. हेच ज्ञान पुढे मी एका बाईच्या विरोधात वापरलं. तीच हकिकत इथे सांगायची आहे. बाकीची गिऱ्हाइकं नुसती करमणुकीची होती.

कॅसेटच्या दिवसांत खालापूरजवळच्या कुंभिवलीहून दोन बायका आल्या. सख्ख्या जावा. थोरली द्वारकाबाई, धाकटी हिराबाई. आसपासच्या गावांत हळदीला यांना बोलावणं असे. हळद दळताना, देवक बसवताना, नवरीला पाटावर घेताना म्हणायची गाणी. द्वारकाबाई पुढं म्हणत, हिराबाई मागं धरत. मागं धरणं म्हणजे पुढचीची ओळ संपायच्या आत तिचा शेवटचा शब्द उचलायचा आणि तीच ओळ पुन्हा म्हणायची, म्हणजे पुढचीला दम घ्यायला उसंत मिळते. ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. पुढं म्हणणारीचं नाव होतं, मागं धरणारीकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं.

तेव्हा माझ्याकडे धड माइक एकच होता. द्वारकाबाईंचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा, म्हणून त्यांना दोन हात लांब उभं केलं. हिराबाईंचा बारीक, गोड, म्हणून जवळ. फरशीवर खडूच्या दोन रेघा मारून दिल्या. हिराबाईंची एक खोड होती. ओळीच्या मधेच, कधीकधी शब्दाच्याही मधे, त्या हलकेच दम घेत आणि शेवटचं अक्षर किंचित खाली सोडत, जसं कुणी डोक्यावरचं ओझं जपून उतरवावं. मी ते सुधारायला सांगितलं. त्यांनी ‘हां’ म्हटलं आणि तसंच म्हटलं.

कॅसेटवर नाव टाकलं ‘कुंभिवलीच्या जावा’. ती बरीच वाजली. कर्जतपर्यंतच्या मांडवांत मी ती ऐकली आहे.

पुढे या दोघींच्या घरात वाटणी आली. डोंगराकडेच्या जमिनीवर बंगल्यांची स्कीम निघाली आणि भावाभावांत काय व्हायचं ते झालं. अंगणात भिंत उभी राहिली. भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत ते शेवटपर्यंत. दोघंही आता नाहीत. जावांनी बोलायचं नाही असाही हुकूम होता. पण हळदीचं बोलावणं आलं की दोघी वेगवेगळ्या वाटेने मांडवात पोचत, एकमेकींना खेटून बसत, एका पेल्यातून पाणी पीत, तासन्‌तास म्हणत आणि पुन्हा वेगवेगळ्या वाटेने घरी जात. हिराबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, ‘भाऊ, लोकांची लग्नं लागतात तवा आमची भेट व्हते.’

आता त्या जपान्याबद्दल सांगायला हवं. तो नसता तर पुढचं काही झालंच नसतं.

रसायनीतल्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला जपानी इंजिनिअर आले होते. त्यांतला एक वयस्कर गृहस्थ सोमवारी माझ्याकडे यायला लागला. गेस्टहाउसच्या भिंती पातळ होत्या आणि त्याला गाणी मोठ्याने ऐकायची होती. तो माझ्या खुर्चीत बसे, डोळे मिटून ऐके, जाताना कमरेत वाकून नमस्कार करी. मीही वाकत असे. कुणी आधी सरळ व्हायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

त्याच्याजवळ दोन बायकांच्या जोडीच्या दोन सीडी होत्या. पहिली त्यांच्या तरुणपणची. दुसरी बऱ्याच वर्षांनंतरची. त्याच दोघींनी आपली तीच गाणी पुन्हा म्हटलेली, काही गाण्यांना नव्या चालीचे ठोके घातलेले. त्याने मला दोन्ही एकामागून एक ऐकवल्या. भाषा कळत नव्हती पण कान होते. नव्या सीडीत एकीचा आवाज जाड झाला होता, वर जाताना अडखळत होता. म्हणून त्यांनी सगळ्या गाण्यांची पट्टीच खाली आणली होती. जाडपणा लपवला नव्हता. दुसरीचा आवाज तिला सांभाळून चालत होता.

मी विचारलं, ‘जुनं इतकं चांगलं असताना पुन्हा कशाला म्हणायचं?’

त्याने मोडक्या इंग्रजीत, बराच विचार करून उत्तर दिलं. ‘जुन्या गाण्यात त्या तरुण आहेत. मी आता तरुण नाही.’

परत जाताना नवी सीडी तो मला देऊन गेला. तिच्यावरचं नाव मला वाचता येईना, म्हणून मी वर चिठ्ठी चिकटवली: ‘जपानी जावा’.

मधे वर्षं गेली. कॅसेट गेली, सीडी गेली, माझं गिऱ्हाईकही गेलं. लोक फोनवरच गाणी करायला लागले. दुकान बंद करायचं मनात होतं, तेव्हा द्वारकाबाईंचा मुलगा आला. त्याला संदीपशेठ म्हणतात. जमिनीच्या प्लॉटांचं काम करतो. महामार्गालगतच्या प्रत्येक तिसऱ्या बॅनरवर त्याचा फोटो असतो. तो कुणाला शुभेच्छा देतो आहे की कुणाकडून घेतो आहे हे फोटोवरून कळत नाही.

‘भाऊ, पोरीची हळद हाय,’ तो म्हणाला. ‘आयची जुनी कॅसेट हाय ना तुमच्याकडं? तिच्याखाली बीट टाकून द्या. डीजेवर वाजवायची. सगळा गाव नाचला पायजे.’

दोन दुपारचं काम होतं. कॅसेट साफ करायची, खाली ठोके बसवायचे, झालं. हे मी तसंच केलं असतं तर हिराबाई आपल्या खऱ्या, तरुण आवाजात त्या मांडवात वाजल्या असत्या. पण माझ्यातला विद्वान जागा झाला. मी म्हणालो की जुन्या कॅसेटमध्ये दोघींचे आवाज एकात एक मिसळलेले आहेत, त्यात गिरणी आहे, ते काही बरं वाटणार नाही. मी त्याला जपानी जावांची हकिकत सांगितली. गाणी पुन्हा म्हणवून घेऊ, म्हटलं. नव्याने, वेगवेगळ्या माइकवर, नीट. दुकानाचं शेवटचं काम तरी मला नीट करायचं होतं.

संदीपशेठला जपान आवडलं. ‘म्हंजे इंटरनॅशनल,’ तो म्हणाला.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं की दोन वर्षांपूर्वी हिराबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाठ काढली. बाई वाचल्या, आवाज गेला. म्हणजे बोलता येत होतं, पण आवाज फाटका, वाऱ्यात धरलेल्या कागदासारखा. हळदीची बोलावणी बंद झाली. लेक कर्जतला दिलेली. घरात एकट्या. आणि भिंतीपलीकडच्या जावेला भेटायचं निमित्त संपलेलं.

दोघी आल्या त्या सोमवारी हिराबाई नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आल्या होत्या.

‘हिरे, एवढी नटलीस गं कुणासाठी?’ द्वारकाबाई जिन्यातूनच सुरू झाल्या. ‘भाऊ फोटो नाय काढत, आवाज काढतात.’

‘मंग तू कशाला पावडर लावलीस?’

‘मला घाम येतो म्हनून लावली.’

‘मला बी येतो.’

कानाला हेडफोन लावले, त्यात ताल सांभाळायला ठोका सोडला. द्वारकाबाईंनी दोघींचेही काढून माझ्या हातात दिले. ‘ह्याच्यात कोन सुतारकाम करतंय? आमाला नको. आमचं आमी बघतो.’ शेवटी ठोका फक्त सोबत आलेल्या ढोलकीवाल्याला दिला. जपानी युक्ती वापरली. कॅसेटची पट्टी काळी पाच होती, ती काळी तीनवर आणली. द्वारकाबाईंना ती सोपी गेली. हिराबाईंना तीही जड होती.

हळद दळता दळता जातं झालं पिवळं गं,
मायेच्या मनातलं कुनाला ना कळलं गं

द्वारकाबाई ओळ म्हणत आणि शेवटचा शब्द जरा जास्तच लांबवत, म्हणजे हिराबाईंना पकडायला वेळ मिळावा. हिराबाई पकडत. आवाज फाटे, खरखरे, मधेच नुसती हवा येई. पण जागा चुकत नव्हती. दोन सोमवारांत सहा गाणी झाली. निघताना हिराबाई मागे रेंगाळल्या.

‘भाऊ, माझा आवाज ठेवाल ना? नुसती बॅनरवरच्या फोटोत नका ठेवू.’

‘ठेवीन,’ मी म्हणालो. साक्षीला कुणी नव्हतं.

संदीपशेठने ऐकलं आणि पहिल्याच कडव्याला हात वर केला. ‘काकीचा काढा. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतोय. डीजेवर लोक कानात बोटं घालतील.’

मी पुन्हा जपान काढलं. तो म्हणाला, ‘जपानात हळद लागत नाय, भाऊ. फोटो दोघींचा ऱ्हाऊ द्या. नाव ऱ्हाऊ द्या. मी काकीला शालबी घालतो. पन आवाज काढा.’

त्याने मला धमकावलं वगैरे नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच तो आवाज खुपत होता. ज्याने आयुष्यभर आवाजातली खरखर काढली, त्याला खरखर आधी ऐकू येते आणि माणूस नंतर. शिवाय मी स्वतःची एक समजूत काढली होती: तो आवाज भर मांडवात वाजवला तर लोक हसतील, काढला तर बाईंचा मानच राहील. दुसऱ्याचा मान राखायच्या नावाखाली आपण काय काय करतो याची यादी करायला मला फुरसत मिळाली ती फार नंतर.

पण मागचा आवाज काढला की गाणं लंगडं होतं. मी द्वारकाबाईंना निरोप धाडला, पनवेलची एखादी मुलगी आणू का विचारायला. त्या स्वतःच आल्या, एकट्या, पुढच्या सोमवारी.

‘बाहेरची कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘मी म्हनते.’

‘तुमचा पुढचा आवाज आहेच की. मागे पुन्हा तुमचाच कसा चालेल?’

‘माझा नाय. हिरीचा म्हनते.’ आणि त्यांनी फरशीकडे पाहिलं. ‘ती कुठं उभी ऱ्हायली होती?’

मी जागा दाखवली. त्या तिथे उभ्या राहिल्या, पदर हिराबाईंसारखा घट्ट ओढून घेतला, आणि हेडफोनमध्ये स्वतःचाच पुढचा आवाज ऐकत मागं धरायला लागल्या.

मी काचेमागे बसून ऐकत होतो. तो बारीक, गोड आवाज. ऑपरेशनच्या आधीचा. ओळीच्या मधे, शब्दाच्या मधे हलकेच घेतलेला दम. शेवटचं अक्षर जपून खाली उतरवणं. ज्या बाईने आयुष्यभर छाती काढून गायलं, ती आवाज अर्ध्यावर आणून, दुसरीची खोड न खोड जागच्या जागी ठेवत होती. सहाच्या सहा गाणी. एकदाही थांबल्या नाहीत.

बाहेर येऊन त्यांनी चष्मा पदराने पुसला.

‘चाळीस वरसं कानाशी बसून म्हनलीय ती,’ द्वारकाबाई म्हणाल्या. ‘कुठं दम घेते, मला ठाव हाय. माझं कुठं ते तिला ठाव. तिला सांगू नगा. मशिनीनं केलं असं वाटू द्या. नायतर रडंल उगाच.’

मी हिराबाईंचे मूळ आवाज यंत्रातून पुसून टाकले. तशी काही गरज नव्हती. यंत्रात जागा भरपूर होती. पण काम संपलं की नको ते पुसायचं, ही माझी सवय. टापटीप.

हळदीच्या दिवशी दुपारी प्रकाशन झालं. हळदीत प्रकाशन मी पहिल्यांदाच पाहिलं. स्टेज, मागे दोघींचा वीस फुटी फोटो, फोटोवर संदीपशेठचा त्याहून मोठा. आता सीडी नसते, तेव्हा प्रकाशन कशाचं करायचं हा पेच होता. तो पेनड्राइव्हला लाल रिबीन बांधून सोडवला होता. पाच पाहुण्यांनी मिळून ती रिबीन सोडली. त्यांतल्या एकाला ती कुठे आहे ते दिसत नव्हतं. दोघी जावांना मखमली खुर्च्यांवर बसवून एकेक शाल घातली. मग भिंतीएवढ्या स्पीकरांमधून गाणं सुटलं.

हिराबाई सवयीने ओठ हलवायला लागल्या. पहिली ओळ संपली, मागचा आवाज आला आणि त्या थांबल्या. हाताने गळा चाचपला. मग शाल सावरत, गर्दीतून वाट काढत त्या माझ्याकडे आल्या.

‘भाऊ, मागं मीच म्हनतेय ना?’

मी होकारार्थी मान हलवली; आपला आवाज ज्याचा त्याला ओळखता येत नाही, हे ज्ञान माझ्याकडे होतंच. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी तेव्हा मनाला सांगितलं.

‘हा आदीचा आवाज हाय माझा! आपरेशनच्या आदीचा! बरा केलात तुमी मशिनीनं!’ त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि तशाच वळून स्टेजकडे गेल्या. ‘वैनी, आयकलंस का गं? माझा आवाज आला!’

‘आयकतेय ना,’ द्वारकाबाई म्हणाल्या. ‘तू गप बस नि आयक.’ त्यांनी जावेला शेजारी खाली ओढलं आणि तिचा हात मांडीवर घेऊन बसल्या. मी जेवायला थांबलो नाही.

त्याच थंडीत द्वारकाबाई गेल्या. सकाळी अंगणात झाडू मारताना बसल्या त्या उठल्या नाहीत. मी तिसऱ्याला जाऊन आलो. हिराबाई भिंतीच्या अलीकडे, द्वारकाबाईंच्या बाजूला येऊन बसल्या होत्या. मी दुरून नमस्कार केला आणि निघालो.

चार महिन्यांनी, सोमवारी, जिन्यात पावलं वाजली. दुकानातलं सामान मी खोक्यांत भरत होतो. हिराबाई तीन गाड्या बदलून एकट्या आल्या होत्या.

‘नातीचं लगीन ठरलंय, करजतला,’ त्या खुर्चीवर टेकत म्हणाल्या. ‘माझ्या आयचं येक गानं हाय, आमच्या माहेरचं. वैनीला बी येत नव्हतं ते. ते घ्या माझ्याकडनं. आन् त्या येळेसारखा आवाज करून द्या.’

माइक पुन्हा लावला. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या. साधं, लहानसं गाणं. आवाज आधीहून खराब. मी ऐकवलं. त्या मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिल्या.

‘हां. हा कच्चा हाय. आता मशिनीतनं काढा.’

मी बटणं फिरवली. खरंच फिरवली. खूप वेळ, ढोंग्यासारखी. बाई धीराने बसून होत्या, डॉक्टरकडे बसतात तशा. खाली गिरणी बंद होती, त्यामुळे खोलीत दुसरा काही आवाजही नव्हता. शेवटी मी हात काढून घेतले आणि सांगितलं. मशीन आवाज बरा करत नाही. तो आवाज तुमचा नव्हता. वहिनी म्हणाल्या होत्या, तुमच्यासारखं.



‘डाक्टरला सांगितलं मी,’ हिराबाई म्हणाल्या. ‘तपासायला गेले तवा. म्हटलं, तुमी म्हनला आवाज गेला, पन मशिनीत हाय तो. लेकीला सांगितलं. गावभर सांगितलं.’

‘चूक झाली,’ मी म्हणालो.

‘तुमी ठेवीन म्हनला होता.’

‘हो.’

‘मंग माझा कुठं हाय? त्या येळी दोन दिस म्हनले तो?’

‘पुसला.’

त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, प्याल्या, झाकण नीट लावलं.

‘वैनी येकटी आलती?’

‘एकट्याच.’

‘काय म्हनली?’

‘म्हणाल्या, तुम्ही कुठे दम घेता ते त्यांना ठाऊक आहे.’

‘हां,’ हिराबाई म्हणाल्या. आणि खाली बघत, ‘भिंतीपल्याड ऱ्हाऊन येवढं माझ्यासारखं म्हनाया शिकली, आन् मला येक दिस त्याचं बोलली नाय. नुसती तिलाच ऐकवा. पुढचं नको, ते ढोल नको. ती मागं म्हनतेय तेवढं.’

द्वारकाबाईंनी त्या सोमवारी म्हटलेले आवाज यंत्रात होते. ते मी पुसले नव्हते. ते चांगले होते. बाकी सगळं बंद करून मी पहिलं गाणं लावलं. रिकामी जागा, मग मागची ओळ. रिकामी जागा, मग मागची ओळ. हिराबाईंनी डोळे मिटले. एक कडवं झालं आणि त्या उठल्या.

‘पयल्यापास्नं लावा. मला तिकडं जाऊ द्या. पुढचं मी म्हनते.’

‘हिराबाई, पट्टी...’

‘म्हनते ना.’

त्या काचेपलीकडे गेल्या. हेडफोन मी त्यांच्या कानांना लावले. या वेळी त्यांनी काढले नाहीत. मी गाणं सोडलं, आणि मुद्रणाचं बटण दाबलं ते कुणाला न विचारता.

आयुष्यात पहिल्यांदा त्या पुढं म्हणत होत्या. हळद दळता दळता जातं झालं पिवळं गं. फाटका आवाज, पण सरळ, माझ्याकडे न बघता. आणि ओळ संपायच्या आत मागून त्यांचाच तरुण आवाज येऊन शेवटचा शब्द उचलत होता. सांधा कुठे ते मला शोधून सापडत नव्हतं. दोन कडवी पार पडली. मधे एकदा त्या हसल्याही, द्वारकाबाईंनी त्यांची खोड जरा जास्तच केली होती तिथे.

तिसऱ्या कडव्याला वर जायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. मग एक हात भिंतीच्या गोधडीला टेकवून त्या उभ्या राहिल्या.

मागचा आवाज थांबला नाही. तो कसा थांबणार? पुढे कुणी न म्हटलेली ओळ द्वारकाबाई मागून धरत राहिल्या, मधेच हलकेच दम घेत, शेवटचं अक्षर जपून उतरवत. मी बटणाकडे हात नेला.

काचेतून हिराबाईंनी ते पाहिलं.

‘नगा बंद करू,’ त्या म्हणाल्या. ‘म्हनू द्या तिला.’